वरची रखवाली

सोमवार, २

मॉनिटर टेबलावर चढवता चढवता मिस्त्री म्हणाले की या टेबलाला माणूस टिकत नाही, म्हणून स्क्रू ढिलेच ठेवतो. मी म्हटलं, मी टिकणार आहे, आवळा. त्यांनी आवळले.

खोली चांगली आहे. समोर खिडकी, खिडकीबाहेर ट्रक लागायची जागा. उजव्या हाताची भिंत गार लागते, कारण तिच्या पलीकडे चार नंबरची कोठी आहे. उन्हाळ्यात पंख्याचं काम नाही, असं साहेब म्हणाले. साहेब म्हणजे मालक. त्यांची बायकोसुद्धा त्यांना साहेबच म्हणते, हे मिस्त्रींनी ते गेल्यावर सांगितलं.

इथे सफरचंदं साठवतात. फळ झाडावरून तोडलं तरी श्वास घेत राहतं, आणि श्वास घेत घेत पिकतं. म्हणून कोठी भरली की दार लावायचं, आत नायट्रोजन सोडायचा आणि प्राणवायू हळूहळू बाहेर काढायचा. फळ झोपी जातं. महिनोन् महिने झोपतं. दार, तापमान, हवा, सगळं एका वेब ॲप्लिकेशनवर चालतं. ब्राउझरमध्ये बटन दाबलं की पलीकडे कुलूप पडतं.

ॲप्लिकेशन पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे. ज्यानं त्यानं आपापली फाईल जागा दिसेल तिथे कोंबली आहे. कोण कोणाला बोलावतंय याचा पत्ता नाही. एक बंद पडलं की पाच पडतात. साहेब म्हणाले, घर झाडून दे, भिंती पाडू नकोस. फोल्डर नीट लावायची आणि इम्पोर्ट, म्हणजे एका फाईलनं दुसरीला बोलावायच्या ओळी, सरळ करायचे, एवढंच माझं काम.

संध्याकाळी आईला फोन केला. नोकरी लागली म्हणून सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही. जेवण गेलं. मी आनंदात आहे.

मंगळवार, ३

दिवसभर नुसतं वाचलं. वरच्या फोल्डरात फायलींचा ढीग. त्याखाली आणखी एक फोल्डर, आणि त्यात मात्र सगळं जागच्या जागी. चार पॅकेजं, एकेका कामाचं एकेक फोल्डर: कोठ्या, दारं, हवा, रखवाली. साधी घरातली नावं. प्रत्येकाच्या आरंभीच्या फाईलमध्ये हे पॅकेज काय करतं आणि काय करत नाही, ते एका ओळीत.

हे ताईचं आहे. माझ्या ताईचं. ॲप्लिकेशन मुळात तिनं लिहिलं. इथे कोणाला आमचं नातं माहीत नाही, ती सासरचं आडनाव लावायची.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ती चार नंबरच्या कोठीत एक सेन्सर बघायला गेली. मागे दार लागलं. सोमवारी सकाळी उघडलं. कंपनीनं लिहून दिलं की दार तिच्याच प्रोग्रॅमनं लावलं, चूक तिचीच. भावजींनी खाली सही केली. आईला कोणी विचारलं नाही.

ताई घराबाहेर पडताना गॅस तीनदा बघायची. तीनदा बटनावर टकटक करायची, मग मला म्हणायची, शेपूट, तूही बघ. तिच्या मागे मागे फिरायचे म्हणून शेपूट. तिच्याशिवाय त्या नावानं मला कोणी हाक मारली नाही.

तिच्या हातून ही चूक झाली नाही. कोणाच्या हातून झाली ते मला हवं आहे.

बुधवार, ४

रखवाली वाचलं. दार लावायच्या आधी प्रोग्रॅमनं रखवालीला विचारायचं, असा ताईचा नियम. रखवाली दोन गोष्टी बघते: छतातला डोळा, ज्याला अंगाची ऊब कळते, आणि दाराशी लावलेली कार्डं. कोणी असलं तर दार लागत नाही आणि पडद्यावर येतं, ‘आत:’ आणि पुढे नाव. कोणी नसलं तर येतं, ‘कोणी राहिलं नाही. दार लावा.’

नावांच्या यादीत तिनं खरी नावं घातली नाहीत. इथे ज्याला जे म्हणतात तेच घातलं. मिस्त्री. साहेब. आत्या, म्हणजे फळं निवडणाऱ्या बायांची मुकादम. ती स्वतः, ताई. सगळे तिला ताईच म्हणायचे, आत्यासुद्धा, जी तिच्या आईच्या वयाची.

मला कार्ड मिळालं आहे. माझं नाव यादीत मी अजून घातलेलं नाही.

आत्यानं आज विचारलं, दिवसभर खुर्चीत बसून तू करतेस तरी काय. मी म्हटलं, पसारा आवरते. ती म्हणाली, मग आमच्याकडे ये की, इथे आवरलेला दिसतो तरी.

शुक्रवार, ६

सापडलं.

रखवाली दोन आहेत.

एक आतली, ताईची. दुसरी वर, त्या ढिगात, त्याच नावाचं फोल्डर. त्यात एकच फाईल, फाईलमध्ये एकच ओळ. कोणीही विचारा, कधीही विचारा, उत्तर ठरलेलं: कोणी नाही.

पायथनला एखादं पॅकेज मागितलं की तो ठरलेल्या क्रमानं फोल्डर शोधत जातो. त्या नावाचं पहिलं जे सापडेल ते उचलतो आणि थांबतो. पुढे त्याच नावाचं दुसरं असलं तरी त्याच्या लेखी ते नाहीच. इथे वरचं फोल्डर क्रमात आधी येतं. म्हणजे प्रोग्रॅम रोज इमानानं रखवालीला विचारत होता, आणि रोज ही बहुरूपी उत्तर देत होती. खरी आत बसून होती. तिला कोणी हाक मारत नव्हतं.

ताई हा नियम मला शिकवायची तेव्हा म्हणायची, दारात जो उभा असतो त्यालाच लोक मालक समजतात.

वरच्या फाईलवरची तारीख त्या रविवारच्या आदल्या आठवड्यातली आहे.

शनिवार, ७

साहेबांना विचारलं. सहज, पसाऱ्यातलं एक विचारावं तसं.

ते लाजलेसुद्धा नाहीत. म्हणाले, ते माझंच. थोडंफार मलाही येतं बरं का. आतला डोळा गरम पेट्यांनाही माणूस समजायचा, दार लागायला अर्धा अर्धा दिवस जायचा, फळ बिघडायचं. ताईला म्हटलं, ते तपासणं काढ. ती म्हणे, मी असेपर्यंत निघणार नाही. बाई हुशार, पण हट्टी. मग पन्नास फायली बदलण्यापेक्षा वर त्याच नावाचं रिकामं ठेवून दिलं, तिला कळलंही नाही. कशी वाटली युक्ती?

मी म्हटलं, छान आहे.

मग ते म्हणाले की पुढे ती बिचारी गेलीच. चहा मागवला. मी प्यायले.

ती आत गेली तेव्हा तिला वाटत होतं की रखवाली जागी आहे.

सोमवार, ९

काल दिवसभर विचार केला. तक्रार करता येईल. कागदावर काय आहे? एक ओळ, जी कोणीही लिहिली असेल. सहीचा कागद त्यांच्या बाजूनं आहे. ते म्हणतील, पोरगी सूड घ्यायला आली होती. खोटंही म्हणणार नाहीत.

आज वरचं फोल्डर बाजूला काढलं. इम्पोर्ट सगळे सरळ केले, प्रत्येक ठिकाणी पूर्ण पत्ता लिहिला, म्हणजे वाटेत कोणी उभं राहिलं तरी प्रोग्रॅम फसणार नाही. ॲप्लिकेशन पुन्हा सुरू केलं. खूप दिवसांनी ताईची फाईल चालली. एक, दोन, तीन नंबर: ‘कोणी राहिलं नाही. दार लावा.’

चार नंबर: ‘आत: ताई.’

तिचं जुनं कार्ड यादीत राहिलं असणार.

मंगळवार, १०

यादीतून तिची ओळ काढली. पुन्हा सुरू केलं. ‘आत: ताई.’

कार्डांचं मशीन बंद ठेवून पाहिलं. ‘आत: ताई.’

छतातल्या डोळ्याची तार मिस्त्रींना काढायला सांगितली. ते शिडी घेऊन आत गेले, बऱ्याच वेळानं आले. आत छतापर्यंत पेट्या आहेत, म्हणाले, कडेनं जायला एवढीशी वाट, लपायला जागा नाही. मग त्यांनी माझ्या पडद्याकडे बघितलं. तिथे तेच होतं. नळावर जाऊन हात धूत राहिले.

नंतर जाताना सांगितलं. तेव्हा सोमवारी दार त्यांनीच उघडलं होतं. आतली मूठ कुलूप पडल्यावर नुसतीच फिरते, ती बदला म्हणून त्यांनी त्याआधी दोनदा सांगितलं होतं. अजून बदललेली नाही. ताई मुठीशी नव्हती, म्हणाले. या भिंतीशी होती. तिला ठाऊक होतं की भिंतीपलीकडे टेबल आहे.

माझं टेबल.

बुधवार, ११

चार नंबरचं दार लागत नाही. रखवाली लावू देत नाही. कोठी भरलेली आहे, फळ पिकायला लागलं आहे. खोलीत वास येतो, गोड, थोडा आंबूस.

साहेब तीनदा येऊन गेले. कालपर्यंत लागत होतं ना, म्हणाले. घर झाडायला सांगितलं तर चौकट काढून ठेवलीस. आत्या बाहेरून म्हणाली, दार आहे ते, रुसलंय, समजूत काढा. साहेब तिच्यावर ओरडले.

मी दुपारी भिंतीला कान लावला. गार. दुसरं काही नाही.

गुरुवार, १२

सकाळी पडद्यावर: ‘आत: ताई, साहेब.’

साहेब तेव्हा खिडकीबाहेर उभे होते. ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होते. मी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे.

घाबरायला हवं होतं. पण घाबरले नाही. ताई कधी काही मागायची नाही. लहानपणी पाणी हवं असलं तरी स्वतः उठायची. हे तिचं पहिलं मागणं.

शुक्रवार, १३

साहेब म्हणाले, पुरे झालं. वरचं होतं तसं परत ठेव. रविवारी सुट्टी आहे, आवारात कोणी नसतं, ते स्वतः येतील, मागच्या रांगेतल्या पेट्या एकदा बघतील आणि मग माझ्यासमोर दार लावून घेतील. मिस्त्रींची गरज नाही. तो घाबरट आहे, म्हणाले.

मी म्हटलं, ठेवते.

फोल्डर मी टाकलेलं नव्हतं. बाजूला जपून ठेवलं होतं.

शनिवार, १४

आईचा फोन. रविवारी ये म्हणाली, एकटीला जेवण जात नाही. सोमवारी नक्की येते म्हटलं. ती म्हणाली, आवाज कसा येतोय तुझा, धावतेयस का. बसूनच होते.

संध्याकाळी पडद्यावर: ‘आत: ताई, साहेब, शेपूट.’

हे नाव मी कुठेही घातलेलं नाही. पूर्ण प्रोग्रॅम शोधला. प्रत्येक फोल्डर. नाही.

तिनं मला ओळखलं. मी टेबलाशी बसून रडले. बरं वाटलं.

रविवार, १५

सकाळी. आवार रिकामं. साहेब आले, खुशीत होते. माझ्या टेबलावर एक सफरचंद ठेवलं, खा म्हणाले, चार नंबरचं आहे. वरचं ठेवलंस का विचारलं. ठेवलं होतं. इम्पोर्टही पूर्वीसारखे केले होते. ॲप्लिकेशन सुरू करायचं तेवढं बाकी होतं.

आत जाताना म्हणाले, मी बाहेर येईपर्यंत बटन दाबू नकोस, आणि हसले. आपल्या युक्तीवर त्यांचा तेवढाही विश्वास नव्हता. ताईचा तिच्या रखवालीवर होता.

सुरू केलं. विचारलं. उत्तर आलं: कोणी नाही.

बटन दाबलं.

*

कुलूप पडल्याचा आवाज भिंतीतून आला. नायट्रोजन सुरू. प्राणवायूचा आकडा पडद्यावर आहे. एकवीस. बाहेर असतो तेवढाच. हळू उतरतो.

भिंतींत जाड थर आहे, आत फोन लागत नाही. आधी त्यानं माझ्या नावानं हाक मारली असावी. मग मूठ. मूठ नुसती फिरते.

मी खुर्ची भिंतीकडे वळवली. मला ऐकायचं आहे. तिचं कोणी ऐकलं नव्हतं.

*

अठरा.

तो भिंतीशी आला आहे. दोन्ही मुठींनी ठोकतो. टेबलावरचं सफरचंद हलतं. तोंड भिंतीजवळ नेऊन मी त्याला ताईचं नाव सांगितलं. तिचं माहेरचं आडनाव सांगितलं. ठोकणं थांबलं. म्हणजे ऐकू गेलं.

मग पुन्हा सुरू झालं, जोरात.

*

पंधरा. आकडा असा भरभर उतरायला नको. मिस्त्री म्हणाले होते, दिवस लागतात.

दमल्यासारखं वाटतं. काही केलेलं नाही, नुसती बसले आहे. ओठांना मुंग्या.

*

आता दोन आवाज आहेत.

एक त्याचा, वर, वेडावाकडा. दुसरा खाली, हलका. थांबून थांबून. तीनदा. मग गप्प. पुन्हा तीनदा.

गॅस बघायची तसं —

ताई, मी बघते आहे. सगळं बंद आहे. घट्ट आहे.

पुन्हा तीनदा.

*

बारा

खिडकी उघडली. वारा आहे, खिडकीचा पडदा हलतो. हवा आत येते पण — छातीत येत नाही. दारापर्यंत गेले होते, पाय —

सफरचंदांचा वास. फार.

*

वरची रखवाली एकच ओळ बोलते. दुसरं काही बोलूच शकत नाही. पण पडद्यावर ‘आत:’ आलं आहे. आतलीला कोणी बोलावलं नाही. तरी

आत: शेपूट

ताई नाही. साहेब नाही. एकटी शेपूट —

म्हणजे गुरुवारी ती मागत नव्हती. ती सांगत होती. कोण कोण आत अडकेल ते — दार लावू नका म्हणून — तिचं कामच ते

*

तो थांबला मघाशी. मग एकदा वाजलं. म्हणजे आहे अजून

खालचा आवाज थांबत नाही तीनदा तीनदा

*

वरचं फोल्डर काढलं की खरी उत्तर देईल. दार उघडेल. माझंही. एकच फोल्डर. हात पोचतो आहे माऊसपर्यंत

काढायला पाहिजे. पण मग तोही बाहेर —

सोमवार, १६

हे मी लिहितो आहे, मिस्त्री. वही टेबलावर उघडी होती.

सकाळी आलो तेव्हा खोलीचं दार आणि खिडकी दोन्ही उघडी होती. बाई खुर्चीत होत्या, खुर्ची भिंतीकडे वळलेली. चार नंबर मी हातानं उघडली. साहेब भिंतीशी होते, पलीकडच्या अंगाला, बाईंच्या समोरासमोर. दोघेही गेलेले. डॉक्टर म्हणाले, दोघांचंही सारखंच झालं, हवा न मिळून. उघड्या खिडकीत हे कसं, ते त्यांना सांगता आलं नाही. नायट्रोजनची नळी त्या भिंतीतून जाते, म्हणून सांधे मीच तपासले. सगळे घट्ट आहेत.

बाईंच्या आईंना फोन मी केला. मी कुठून बोलतो ते सांगितलं. मी पुन्हा कंपनीचं नाव सांगितलं, तर म्हणाल्या, कळलं. मग म्हणाल्या, लहानपणापासून तसंच होतं, मोठी निघाली की धाकटी मागे.